न पाहिलेल्या घराची किंमत

मी सूड घेतला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की बाई कामात फार चोख होती. चोख होतेच. पण ते चोखपण कुठून आलं होतं ते मला ठाऊक आहे, आणि आता नोकरी संपल्यावर ते झाकून ठेवण्यात काही मतलब नाही.

नव्वदच्या दशकात मी वाशीला घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीत होते. कोणी घरासाठी कर्ज मागितलं की कंपनी आपल्या पॅनेलवरचा एक व्हॅल्युअर त्या घरी पाठवायची. त्याने घर बघायचं, टेप लावायचा, मजला कितवा, बांधकाम किती जुनं, भिंतीला ओल आहे का, हे सगळं छापील फॉर्मात भरायचं आणि शेवटी घराची किंमत लिहून सहीशिक्का मारायचा. कर्ज किती मिळणार ते त्या किमतीवर ठरायचं. तो रिपोर्ट खरा आहे की नाही हे तपासणारी मी. म्हणजे घर बघणाऱ्यावर नजर ठेवणारी.

हे काम माझ्या हाती आलं त्याच्या काही वर्षं आधी आम्ही कोपरखैरण्याला भाड्याने राहायचो. महामंडळाने बांधलेलं बैठं घर, एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे हातभर अंगण. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, कांदाबटाट्याच्या गाळ्यावर. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आणि आमच्या गल्लीतली निम्मी माणसंही तिकडचीच. घरमालक मुंबईत कारकून होता. घर त्याला सोडतीत लागलेलं, पण खाडी ओलांडून राहायला यायला त्याची बायको तयार नव्हती. एक दिवस तो येऊन म्हणाला की घर विकायचंय, पहिला मान तुमचा, दिवाळीपर्यंत थांबतो. वडिलांनी एका बँकेत अर्ज टाकला. बँकेने कळवलं की गुरुवारी आमचा माणूस घर बघायला येईल.

आईने मंगळवारपासूनच पदर खोचला. भिंतींवरून चुन्याचा हात फिरवला. फळीवरचे सगळे डबे उतरवून घासले, त्यांच्याखाली नवे कागद घातले. फरशी तर इतक्या वेळा पुसली की वडील दारातच चपला काढून हातात धरायला लागले. आमच्याकडे चहाला स्टीलचे पेले होते, ते साहेबाला कसे द्यायचे म्हणून शेजारणीकडून सहा कपबश्या आणल्या. गुरुवारी ती सकाळपासून उंबऱ्यात बसली. पाणी यायच्या वेळेलाही उठली नाही, हंडे शेजारणीने भरून दिले. कोणी आलं नाही. शुक्रवारी बसली, शनिवारीही बसली. सोमवारी तिने त्या कपबश्या धुऊन परत केल्या. वापरल्या नव्हत्या, तरी धुतल्या.

दोन आठवड्यांनी वडील रिपोर्टची झेरॉक्स घेऊन आले. बँकेतल्या शिपायाने गाववाला म्हणून काढून दिली होती. मी तेव्हा सिव्हिलच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे घरात इंग्रजी वाचणारी मीच. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगत गेले. गुरुवारी प्रत्यक्ष पाहणी केली. पाहणीच्या वेळी भाडेकरूची पत्नी हजर होती. बांधकाम साधारण. पुढे एक रकाना होता, मेंटेनन्सचा. त्यात लिहिलं होतं, पुअर. मी थांबले. आईने विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, घराची निगा वाईट आहे असं लिहिलंय.

आई म्हणाली, "मी हजर व्हते म्हनतोय? मंग मला कसा दिसला न्हाय त्यो?"

किंमत त्याने एवढी कमी लिहिली होती की कर्ज मागितलेल्याच्या निम्म्यावर आलं. मालक शब्दाचा पक्का, दिवाळीपर्यंत थांबला, मग त्याने घर दुसऱ्याला विकलं. आम्ही दिघ्याला गेलो, डोंगराच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत. वडील या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. आई मात्र बोलायची. दिघ्याच्या खोलीवर कोणी पहिल्यांदा आलं की चहा देताना हसत सांगायची, बसा बया, पन आमच्या घराची निगा वाईट हाय बरं का, सरकारी कागद हाय तसा. आलेली बाई हसायची. त्या प्रत्येक वेळी माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

पुढे या धंद्यात पडल्यावर त्या कमी किमतीमागचं कारण कळलं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की राग दुप्पट झाला. त्या माणसाचं आमच्याशी काही वाकडं नव्हतं. त्या काळात किंमत कमी लिहिणं सुरक्षित होतं, एवढंच. जास्त लिहिली आणि कर्ज बुडालं तर बँक व्हॅल्युअरला धरते. कमी लिहिली तर त्याला कोण विचारायला येतंय? हमाल येणार आहे का? न बघता लिहायचं असेल तर कमी लिहायचं, मध्यम नाही तर वाईट लिहायचं, की हात झटकून मोकळं. आईची तीन दिवसांची मेहनत त्या माणसाच्या झटकलेल्या हातातून पडली होती.

वाशीच्या कंपनीत लागले तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी रिपोर्टांचा गठ्ठा दाखवून काम समजावलं. बेरजा बघा, कार्पेट आणि बिल्टअप क्षेत्रफळाची गल्लत बघा, सही आहे ना बघा, आणि टेन्शन घेऊ नका. साहेब भला माणूस होता. त्याच्या मते रिपोर्ट म्हणजे फाइलीला दाखवायचा नैवेद्य, तो दाखवायचा असतो, कोणी खात नाही. मी पहिले काही दिवस मान खाली घालून तपासत होते. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एक रिपोर्ट उघडला आणि शेवटच्या पानावर ती सही दिसली. शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली. झेरॉक्सवर ती मी इतक्या वेळा पाहिली होती की झोपेत काढून दाखवली असती.

लोक म्हणतात अशा वेळी माणूस सुन्न होतो. मी सुन्न वगैरे झाले नाही. मला आनंद झाला, बोनस मिळाल्यावर होतो तसा. मी डबा उघडला, शांतपणे जेवले, आणि मग लाल पेन घेऊन पुन्हा त्या रिपोर्टला बसले.

त्या दिवसापासून त्याचा एकही रिपोर्ट माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे गेला नाही. खोटं मी काही लिहिलं नाही, त्याची गरजच नव्हती. नवी मुंबईत एकाच सेक्टरात एकाच साच्याच्या पन्नास इमारती, त्यामुळे हे व्हॅल्युअर एक रिपोर्ट टाइप करून ठेवायचे आणि पुढच्या वेळी फक्त नाव आणि फ्लॅट नंबर बदलायचे. त्यात चतुःसीमा बदलायची राहून जायची. रस्त्याच्या अलीकडच्या इमारतीला पूर्वेला रस्ता, तर पलीकडच्या इमारतीलाही पूर्वेलाच रस्ता. मग मी अदबीने लिहायची की सदर इमारत रस्त्यात उभी आहे काय, कृपया खुलासा करावा. एकदा त्याने तळमजल्यावरच्या घराला गच्चीला लागून असल्यामुळे गळतीचा धोका लिहिला होता. तो रिपोर्ट मी तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा गच्चीसाठी, दुसऱ्यांदा बेरजेसाठी आणि तिसऱ्यांदा शिक्का तिरका बसला म्हणून. शिक्क्याचं जरा जास्तच झालं, हे कबूल करते.

तो फोन करायचा. मॅडम, मॅडम करायचा. आवाज गोड, थोडा थकलेला. मी कोण हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. दुसरे व्हॅल्युअर काही धुतल्या तांदळाचे नव्हते. त्यांच्याही चतुःसीमा उलट्यासुलट्या असायच्या, पण त्यांना मी एक फोन करून दुरुस्त करून घ्यायची आणि सोडून द्यायची. न्याय करायचा असता तर सगळ्यांना एकाच मापाने मोजलं असतं. मला न्याय करायचा नव्हता.

साहेबांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणाले की तुम्ही त्या बिचाऱ्याच्या हात धुऊन मागे का लागलाय? मी म्हटलं, चुका आहेत. ते म्हणाले, चुका सगळ्यांच्या असतात, या कारणासाठी पॅनेलवरून कोणाला काढता येत नाही. मग त्यांनीच नकळत मला हवं ते सांगितलं. पॅनेलवरून नाव काढायला आमच्या नियमात एकच कारण होतं. घर प्रत्यक्ष न बघता बघितलं असं लिहिलं, आणि ते कागदावर सिद्ध झालं, तर नाव कायमचं कापायचं. बाजारात ही बातमी फिरायला वेळ लागत नाही. एका कंपनीने असं नाव कापलं की दुसऱ्या बँकाही काम देत नाहीत.

तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं. पगार वाढला नाही तरी चालेल, पण तो ज्या घरी गेलाच नाही अशा घराचा एक रिपोर्ट आणि त्याचा पुरावा एवढं मला हवं होतं. मी वाट पाहत बसले. वाट पाहण्याचं बाळकडू घरातच मिळालं होतं.

तो रिपोर्ट आला सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात. तुर्भ्याजवळची चार मजली इमारत, खाजगी बिल्डरची. तिसऱ्या मजल्यावर एक माथाडी भाड्याने राहत होता आणि तोच फ्लॅट विकत घेत होता. रिपोर्ट स्वच्छ टाइप केलेला, बेरजा बरोबर, चतुःसीमासुद्धा बरोबर. माझ्या लाल पेनाने त्याला एवढं तरी शिकवलं होतं. घराची स्थिती उत्तम, किंमत भरघोस. आता वारं फिरलं होतं ना. कंपन्यांना कर्जं वाटायची होती, म्हणून न बघता लिहायचं तर आता चांगलं लिहायचे. मी पान उलटणार तेवढ्यात पाहणीच्या तारखेवर नजर गेली. पाहणीच्या वेळी अर्जदाराची पत्नी हजर होती, असंही लिहिलेलं होतं.

ती तारीख आमच्या खोऱ्यातल्या भैरोबाच्या यात्रेची होती.

हे कळायला आमच्याकडचंच असावं लागतं. चैत्रातल्या त्या यात्रेला मार्केटातला आमच्या भागातला माणूस मागे राहत नाही. आदल्या दिवशी मार्केटातूनच ट्रक सुटतात, बायकापोरांसकट. पालखीला आपल्या घरातला खांदा लागला नाही तर वर्षभर तोंड दाखवायची चोरी. ती इमारत मला चांगली ठाऊक होती. वरपासून खालपर्यंत सगळी त्याच खोऱ्यातल्या दोन गावांची माणसं. यात्रेच्या दिवशी त्या इमारतीच्या सोळा दारांना सोळा कुलुपं असतात. वॉचमनसुद्धा तिकडचाच, तोही जातो. माझे आईवडील त्या दिवशी तिकडेच होते. आणि हा गृहस्थ लिहीत होता की बाईंनी घर दाखवलं.

मी साहेबांना सांगितलं की या फ्लॅटची फेरपाहणी करते. आम्हाला महिन्यातून दोनचार घरं अशी बघायची मुभा होती. दुसऱ्याच दिवशी गेले.

दार त्या माथाड्याच्या बायकोने उघडलं. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. फरशी ओली होती, नुकती पुसलेली. मी चप्पल दारात काढली. ती म्हणाली की ऑफिसातून कोणीतरी येणार म्हणून महिनाभर वाट बघतोय, रोज वाटतं आज येतील. ओट्यावर कपबश्या पुसून उपड्या घालून ठेवल्या होत्या. ते बघून मी एकदम टेप काढला आणि हॉल मोजायला घेतला. टेपचं दुसरं टोक तिच्या सातवीतल्या मुलीने धरलं.

हॉल ठीक होता. स्वयंपाकघरात गेले आणि वर बघितलं. ओट्याच्या बरोबर वर छताचं प्लास्टर हातभर पडलेलं होतं आणि सळया उघड्या पडून गंजल्या होत्या. पडलेल्या भागाच्या कडेने नवा चुना दिलेला, पण गंजाचे तांबडे ओघळ चुन्यातून परत वर आले होते. शेजारच्या तुळईला बोट जाईल अशी भेग. खाडीकाठच्या हवेत असली कामं दहा वर्षंही टिकत नाहीत, आणि बिल्डरने रेती कसली वापरली होती कोण जाणे. हे लिहिलं की दुरुस्तीचा खर्च वजा होणार, किंमत खाली येणार, कर्ज खाली येणार. त्या बाईचा हिशेब मला तिच्यापेक्षा आधी कळला.

तिने विचारलं, "समदं ठीक हाय ना, ताई?"

मी म्हटलं, बघते, लिहून घेते. मग मी तिच्याकडून एक कागद लिहून मागितला. ऑफिसला लागतो म्हणाले. कशासाठी ते सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. ऑफिसातून आलेल्या बाईला कोण विचारतं? तिला लिहिता येत नव्हतं म्हणून मुलीने वही आणली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. त्या दिवशी आम्ही सर्वजण यात्रेला गावी गेलो होतो. घराला कुलूप होते. आजच्या आधी आमचे घर बघायला कोणीही आलेले नाही. मुलीचं अक्षर मोत्यासारखं होतं. तिने सगळं आईला एकदा वाचून दाखवलं, आणि आईने खाली एक एक अक्षर जुळवत सही केली. मी चहा घेतला. नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

ऑफिसात साहेबांनी तो कागद वाचला, डोक्याला हात लावला आणि मला समोर बसवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. व्हॅल्युअरला बोलावून झापतो, यापुढे घर बघितल्याशिवाय लिहिलंस तर खबरदार म्हणून. हा कागद फाइलीला लावू नका. फाइलीला लावला तर रिपोर्ट रद्द होईल, दुसरा व्हॅल्युअर जाईल, त्याला ते छत दिसेल, आणि त्या माथाड्याचं घर जाईल. "पार्टीचं काम होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "मार्केटमधला माणूस आहे. छत तो स्वतः करून घेईल."

ते बरोबर सांगत होते. मी हे तेव्हाही जाणत होते. पण मी त्यांना नियम वाचून दाखवला. उद्या छत कोसळलं तर जबाबदार कोण, असंही विचारलं. हा प्रश्न खरा होता, आणि तो मी खऱ्या कारणासाठी विचारत नव्हते. खरं लिहून सूड घेण्याची सोय फार थोड्यांच्या नशिबी येते. मला ती मिळाली होती आणि ती मी सोडणार नव्हते. संध्याकाळपर्यंत माझं टिपण तयार झालं. त्यात छत होतं, सळया होत्या, तुळई होती, आणि मागे तो वहीचा कागद टाचलेला.

पुढच्या आठवड्यात तो माणूस मला भेटायला आला. सहीवरून मी कोणी ऐटबाज माणूस मनात धरला होता. हा बुटका, पोट सुटलेला, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. खुर्चीवर बसायच्या आधी परवानगी मागितली. म्हणाला की मॅडम, त्या इमारती एका साच्याच्या, एक फ्लॅट बघितला की सगळे बघितल्यासारखेच. सगळेच असं करतात. मला घरी दोन मुली आहेत शिकणाऱ्या. या वेळी सांभाळून घ्या.

मी इतकी वर्षं या घटकेसाठी जे काही मनात रचून ठेवलं होतं ते सगळं तयार होतं. मी त्याला कोपरखैरण्याचं घर सांगितलं, सेक्टर सांगितला, वर्ष सांगितलं. तीन दिवस उंबऱ्यात बसलेली बाई सांगितली. "ती माझी आई," मी म्हटलं.

तो आठवण्याचा प्रयत्न करत होता, ते दिसत होतं. खोटं नव्हता करत. मग त्याने विचारलं, "किती लिहिली होती मी किंमत?"

मी म्हटलं की किमतीचं सोडा, मेंटेनन्स पुअर लिहिलं होतं. तुम्ही न पाहिलेल्या घराला.

"तो रकाना असतो मॅडम," तो म्हणाला. "काहीतरी भरावंच लागतं."

माझ्याजवळ शिव्या होत्या, पण त्या ऑफिसात देता येत नाहीत. मी त्याला सांगितलं की निर्णय वरच्यांचा आहे, माझ्या हातात काही नाही. नवी मुंबईतली सगळ्यात मोठी थाप मी त्या दिवशी मारली असेन. तो उठला, नमस्कार केला आणि गेला. महिन्याभरात त्याचं नाव पॅनेलवरून कापल्याचं पत्र निघालं. पुढे आणखी दोन बँकांनी त्याला बंद केलं असं कानावर आलं, आणि ते ऐकून मला त्या दिवशी भूक चांगली लागली.

तुर्भ्याच्या त्या फ्लॅटला दुसरा व्हॅल्युअर गेला, माझं टिपण हातात घेऊन. त्याने वर बघितलं. किंमत खाली आली आणि कर्जही खाली आलं. तिथल्या फ्लॅटमालकाने काही दिवाळी वगैरे बघितली नाही, पंधरा दिवसांत दुसरं गिऱ्हाईक आणलं, रोखीचं. त्याला छताशी देणंघेणं नव्हतं, त्याला भाड्याने द्यायचा होता.

ती बाई त्यानंतर एकदा ऑफिसात आली, एकटीच. माझ्या टेबलाशी उभी राहिली. मी बसा म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, तुमी आमच्या घराचं वाईट लिवलं का?"

मी तिला समजावून सांगितलं. सळया गंजल्यात, तुळईला भेग आहे, छत धोक्याचं आहे. वहिनी, उद्या काही झालं असतं तर? माझा आवाज मला एखाद्या साहेबाच्या आवाजासारखा वाटत होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "त्याच्याच खाली सैपाक करत व्हते की मी."

मग तिने सांगितलं की घणसोलीच्या गावात खोली बघितलीय, भूमिपुत्राच्या चाळीत, पाण्याची सोय बरी आहे. मुलीची शाळा मात्र बदलावी लागेल. जाताना तिने विचारलं की तो कागद परत मिळेल का, मुलीने लिहिलेला. मी म्हटलं, फाइलीला लागलाय, देता येत नाही. तिने मान हलवली आणि ती गेली.

त्या रविवारी मी पॅनेलच्या पत्राची झेरॉक्स घेऊन दिघ्याला गेले. वडील मार्केटात होते. आई दळण निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या लाल पेनापासून. इतकी वर्षं तिला यातलं काही सांगितलं नव्हतं, काम झाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं. तिने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्याचं नाव जिथे होतं तिथे बोट ठेवायला लावलं, आणि मग आपलं बोट त्यावर ठेवलं. मला वाटलं होतं की ती म्हणेल जाऊ दे, कशाला कोणाचं वाईट करायचं. तिने तसलं काही म्हटलं नाही. म्हणाली, "बरं झालं. लई बरं झालं." तिचा चेहरा उजळला होता, आणि त्यासाठी मी ते सगळं पुन्हा केलं असतं.

मग ती परत सूप हातात घेऊन निवडायला लागली. जरा वेळाने विचारलं की त्या तुर्भ्यातल्या बाईला घर मिळालं का. मी म्हटलं, नाही मिळालं.

कोनी अडवलं?

मी म्हटलं, माझ्या लिहिण्यामुळे.

आई खडे वेचत राहिली.

"पोरगी हाय का तिला?"

"आहे. सातवीत."

"लिवायवाचायला येतं?"

मी म्हटलं, अक्षर फार छान आहे.

"मंग जपून ऱ्हा," आई म्हणाली.